वाडे विकल्याने गाव बसत नाही

जामनेर तालुक्यात गेल्या काही वर्षांत एक सल्ला फार स्वस्त झाला आहे. गावातले जुने वाडे पडताहेत, पोरं पुण्याला आणि तिथून पुढे टेक्सास-टोरांटोला गेली आहेत, तेव्हा आता इटलीसारखं करा. बंद घरांची यादी काढा, परदेशात स्थिरावलेल्या मराठी माणसांना ती कवडीमोलाने द्या. ते डागडुजी करतील, वर्षातले चार-सहा महिने येऊन राहतील, गावात पैसा खेळेल आणि वाडाही वाचेल. लग्नाच्या मांडवात हेच, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हेच, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतही हेच. बोलणारा सहसा प्रामाणिक असतो. त्याला गावाचा कळवळा असतो, आणि सिसिलीतल्या एखाद्या दगडी गल्लीचा व्हिडिओ त्याने नुकताच पाहिलेला असतो.

माझा या सल्ल्याला विरोध आहे. परदेशातून कुणी येऊच नये असं माझं म्हणणं नाही. आलेल्या माणसाला आमच्याकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा आधी मिळतो, चौकशी मागून होते. पण सल्ला देणाऱ्याने दुखणंच चुकीचं ओळखलं आहे. आमची घरं गिऱ्हाइकावाचून पडत नाहीत. घर विकावं, दुरुस्त करावं की भाड्याने द्यावं हे ठरवण्याचा पुरा अधिकार कुणा एकाकडे उरलेला नाही, आणि तो गुंता सोडवायला कुणी बसत नाही, म्हणून ती पडतात.

आधी सिसिलीचंच बघू. साम्बुका या गावाने २०१९ साली एक युरोच्या बोलीपासून घरं लिलावात काढली आणि जगभर बातमी झाली. त्या बातमीतली पुढची वाक्यं आमच्याकडे पोचेपर्यंत गळून पडली. घर घेणाऱ्याने तीन वर्षांत दुरुस्ती पुरी करायची, तिच्यावर किमान पंधरा हजार युरो घालायचे, आणि काम होईपर्यंत पाच हजार युरो अनामत ठेवायचे, अशा अटी होत्या. एक युरो ही बोलीची सुरुवात होती. घरं गेली ती त्याच्या हजारो पटींनी. आणि मुख्य गोष्ट अशी की ती घरं नगरपालिकेच्याच मालकीची होती. विकणारा एक, सही एक. त्याच बेटावर जिथे पालिका नुसती मध्यस्थ आहे, तिथे आधी मालकाचे वारस हुडकावे लागतात, आणि ते निघतात अमेरिकेत. म्हणजे इटलीकडून शिकायचंच असेल तर धडा मालकीचा आहे. आपण फक्त किंमत उचलली.

जपानचा दाखलाही हल्ली देतात. तिथे २०२३ च्या पाहणीत नव्वद लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली, देशातल्या एकूण घरांच्या जवळपास चौदा टक्के. त्यात भाडेकरूची वाट बघणारे शहरी फ्लॅटही मोजलेले आहेत, हे सांगायचं राहून जातं. शिवाय तिथे माणसंच कमी होत चालली आहेत. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात सकाळी शाळा भरताना उभं राहा; माणसं संपली अशी तक्रार तुमच्या तोंडून निघणार नाही. गावठाणाच्या मधल्या गल्ल्या ओस पडल्या हे खरं आहे. पण तीच कुटुंबं बसस्टँडकडच्या रस्त्याला सिमेंटच्या घरात राहायला गेली आहेत, टोरांटोला नाही.

आता ज्याला रिकामं म्हणतात ते घर जवळून बघा. शेंदुर्णीत, पहूरला, फत्तेपूरला अशी कितीतरी सापडतील. दाराला कुलूप, ओट्याचा एक दगड निखळलेला, मातीच्या धाब्यावर गवत. कुलूप काढलं की आत पहिल्या खणात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, दुसऱ्यात खताच्या गोण्या, भिंतीला टेकवलेला फवारणीचा पंप. देवळीत देव नाहीत, पण पेरणीयंत्राचे नटबोल्ट आहेत. दिवाळीनंतर या आणि बघा. माजघर कडीपाटापर्यंत कापसाने भरलेलं असतं. भाव चढेल या आशेने ठेवलेला तो कापूस संक्रांत ओलांडतो, कधी होळी ओलांडतो, घरात उंदीर होतात, आणि शेजारच्या घरात झोपणाऱ्या पोरांच्या अंगाला खाज सुटते. हे घर रिकामं नाही. ते चुलतभावाचं गोदाम आहे. सरकारी गोदाम लांब, खासगी गोदामाचं भाडं परवडत नाही, म्हणून आजोबांचा वाडा कामाला येतो. टोरांटोच्या माणसाला हे घर विकलं, तर तो कापूस कुठे ठेवायचा, याचं उत्तर आजवर एकाही व्हिडिओत मी ऐकलेलं नाही.

कागदाची गोष्ट याहून अवघड आहे. गावठाणातल्या घराला शेतासारखा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो, आणि लोक तोच मालकीचा कागद समजतात. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. कर कोण भरतो ते तो सांगतो; घर कुणाचं, हे त्याने सिद्ध होत नाही. त्यावर नाव पणजोबांचं, फार तर आजोबांचं. आजोबांना चार मुलगे, तीन मुली. त्यांची मुलं, त्यांची नातवंडं. केंद्राने २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना आणली, ड्रोनने गावठाणं मोजायला घेतली, मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात केली. काम चांगलं आहे. पण ड्रोनला भिंत दिसते, हिस्सा दिसत नाही. पत्रिकेवर कुणाकुणाची नावं लावायची हे घरच्यांनाच ठरवावं लागतं, आणि तिथेच गाडं अडतं.

आणि घरचे म्हणजे कोण? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने देशभर मिळाला. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच कायदा बदलला होता. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात उरलीसुरली शंकाही मिटवली. दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क आहेच. गावात मात्र अजून आखाजीचा कायदा चालतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, खापरावरचे मांडे होतात, आणि पाहुणचार संपत आला की भाऊ कागद काढतो. ‘ताई, घर पडायला आलंय, एवढी सही करून टाक.’ हक्कसोड पत्र. बदल्यात साडी. ताई सही करते, कारण सही केली नाही तर पुढच्या आखाजीला दार उघडेल की नाही याची खात्री नसते. ‘वाडे विका, गाव वाचवा’ म्हणणाऱ्या एकानेही या ताईला विचारल्याचं माझ्या कानावर नाही. विक्रीची घाई झाली की सगळ्यांत आधी तिचा हिस्सा गळतो. मला हा सल्ला निरुपद्रवी वाटत नाही तो मुख्यतः यामुळे.

यात आणखी एक गंमत आहे, कडू म्हणा हवी तर. हे वाडे ज्यांना विकायचे आहेत ते परदेशस्थ, आणि हे वाडे ज्यांच्या सहीवाचून अडले आहेत तेही बऱ्याचदा परदेशस्थच. जो गिऱ्हाईक म्हणून हवा आहे, तोच स्वतःच्या वाड्यात बेपत्ता हिस्सेदार आहे. त्याला दुसऱ्याच्या आजोबांचं घर घ्यायची हौस आहे. स्वतःच्या आजोबांच्या घराचं वटमुखत्यारपत्र पाठवायला मात्र दहा वर्षं सवड झालेली नाही.

समजा कागद साफ झाले. पुढे काय घेता येतं तेही नीट माहीत असावं, कारण या क्षेत्रात प्लॉट विकणारे फार पटकन उतरतात. अनिवासी भारतीयाला आणि ओसीआय कार्डधारकाला इथे राहतं घर घेता येतं. शेतजमीन, मळा-बागायत आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. फेमा कायद्याखालच्या नियमांत हे स्पष्ट आहे. वारशाने शेत आलं तर ठेवता येतं, पण विकायचं झालं तर ते भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. मूळचा भारतीय नसलेल्या, परदेशात राहणाऱ्या परक्या नागरिकाला तर घरही विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा एवढीच वाट. शिवाय आपल्याकडचा १९४८ चा कुळकायदा आहेच; त्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे परदेशस्थ माणसाच्या डोळ्यांपुढे जे चित्र असतं, केळीच्या बागेला लागून बंगली, मागे विहीर, पुढे आंब्याचं झाड, नेमकं तेच त्याला घेता येत नाही. घेता येतं ते गल्लीतलं घर, ज्याच्या दारात शेजाऱ्याची म्हैस बांधलेली आहे. ‘नावावर दुसऱ्या कुणाच्या घेऊ, नंतर बघू’ असं सांगणारा दलाल भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

परका माणूस आमच्याकडे रमतो, याचा पुरावा म्हणून हमखास रॉबर्ट गिलचं नाव निघतं. जामनेरहून अजिंठा ते काय लांब! लेण्यांखालून येणारी वाघूर पुढे आमच्याच मुलखातून वाहते, त्यामुळे गिलला आपला म्हणायला लोकांना संकोच वाटत नाही. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने या लष्करी अधिकाऱ्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. गावातल्या बारादरीत तो राहिला, पारो नावाच्या स्त्रीवर त्याचा जीव जडला, आणि पारो १८५६ मध्ये वारली. तिची समाधी अजिंठ्यात आहे. त्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. तो पुन्हा नकला करायला बसला आणि १८७९ मध्ये गेला. थडगं भुसावळला आहे. ना. धों. महानोरांनी या कथेवर दीर्घ काव्य लिहिलं, २०१२ मध्ये त्यावर चित्रपट आला, आणि तेव्हापासून गिल म्हणजे खेड्यात घर शोधणारा प्रेमवेडा गोरा साहेब, असं समीकरण पक्कं झालं. पण गिल घर निवडायला आला नव्हता. त्याला काम होतं, आणि त्या कामाने त्याला तिथे तीस-पस्तीस वर्षं धरून ठेवलं. त्याच्या गोष्टीतून काही निघत असेल तर एवढंच, की माणूस गावात टिकतो तो तिथे करण्यासारखं काही असेल तर. सुट्टीत येणाऱ्या मालकाला गावात करण्यासारखं काय असतं? वायफायची रेंज तपासणं आणि पहाटेच्या भोंग्याबद्दल, काकड्याबद्दल तक्रार करणं.

ही चेष्टा नाही. गोव्यात हे घडून गेलंय. आसगावसारख्या गावांत दिल्ली-मुंबईच्या पैशाने जुनी घरं सुरेख दुरुस्त झाली, हे मान्य केलंच पाहिजे. काही तर एरवी कोसळलीच असती. पण भाव असे चढले की त्याच गावातल्या तरुण जोडप्याला तिथे घर घेणं दुरापास्त झालं. तिथेही कितीतरी घरं बंद पडली आहेत ती वारसांच्या गुंत्यामुळेच, आणि त्या गुंत्यातून आधी बाहेर कोण पडतं? ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसा आहे तो. खानदेशात पैशाचा तेवढा लोंढा येणार नाही, मला माहीत आहे. समुद्र नाही, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. इथे वाड्यांच्या बाबतीत होईल ते वेगळंच: सागाच्या तुळया, नक्षीचे खांब आणि दाराच्या चौकटी उतरवून जुन्या लाकडाचा व्यापारी घेऊन जाईल, आणि ते खांब लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये ‘खानदेशी वाडा’ म्हणून उभे राहतील. जुन्या वाड्यांचं लाकूड असंच तर जात आलंय.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर फार लांब जायला नको. हिवरे बाजारमधून दुष्काळाने कुटुंबंच्या कुटुंबं मुंबई-पुण्याला गेली होती. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाले, गावाने पाणी अडवलं, पाणी खाणाऱ्या पिकांवर बंदी घातली (केळीवरही बंदी आहे म्हटल्यावर आमच्याकडे कितीजणांच्या पोटात गोळा येईल ते असो), आणि गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही असं ठरवलं. गेलेली कुटुंबं परत आली. म्हणजे गाव पुन्हा भरलं ते विक्री बंद करून. पाणी आलं, काम आलं, मग माणसं आली. घरांची दुरुस्ती त्यांनी आपली आपणच केली. हिवरे बाजारचं सगळं जसंच्या तसं उचलता येणार नाही, पण तिथे कुठल्या गोष्टीमागून कुठली आली, हा क्रम बघण्यासारखा आहे.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यांत बळकट मुद्दा. तुमचे कागद साफ होईपर्यंत वाडा थांबणार आहे का? धाब्याचं घर दरवर्षी हात मागतं. मृगाच्या आधी वर खारी माती चढवावी लागते, पन्हळी साफ कराव्या लागतात. दोन पावसाळे दुर्लक्ष झालं की पाणी मुरतं, तुळईचं टोक कुजतं आणि तिसऱ्या पावसाळ्यात एक खण खाली येतो. माती चढवण्याची हातोटी असलेली माणसं म्हातारी झाली. त्यांची मुलं स्लॅब टाकायला जातात. हे सगळं खरं आहे, आणि इथे माझ्याकडे चोख उत्तर नाही. काही वाडे जाणार. पण ‘वाडा थांबणार नाही’ हे कारण पुढे करून जी घाई केली जाते, तिचा फायदा वाड्याला होत नाही. वर्षातून दोन महिने येणारा मालक मृगाच्या आधी धाब्यावर कुणाला चढवणार? तो धाबं काढून स्लॅब टाकेल, एसी बसवेल, आणि उन्हाळ्यात ज्या जाड मातीच्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या घर थंड ठेवलं त्यांना बाहेरून चकचकीत टाइल लावेल. मातीच्या घराला वर्षभर राहणारा माणूस लागतो. मालक कोण आहे याने घराला काही फरक पडत नाही, रोज चूल कोण पेटवतो याने पडतो.

असा वर्षभर राहणारा माणूस कुठून आणायचा? तो रोज सकाळी दुचाकीवरून गावात येतो आणि संध्याकाळी परत जातो. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका. यांनी मुख्यालयी राहावं असा सरकारी दंडक आहे, घरभाडे भत्ताही मिळतो, आणि बहुतेकजण जळगावहून, जामनेरहून, भुसावळहून अपडाऊन करतात. विचारलं की सांगतात, गावात राहण्याजोगं घर नाही, संडास-बाथरूम नाही, उन्हाळ्यात नळाला आठवड्याने पाणी येतं. आणि त्याच गावातला घरमालक म्हणतो, घराला माणूस मिळत नाही. दोघं रोज एकाच पारावर एकमेकांना नमस्कार करतात! यांची गाठ घालून द्यायची सोडून आपण टोरांटोला फोन लावतो आहोत. सगळे शिक्षक राहायला येतील असं मी म्हणत नाही. मुलांच्या इंग्रजी शाळेचा प्रश्न खरा आहे, नवराबायको दोन तालुक्यांत नोकरीला असतात हेही खरं आहे. पाचोरा-जामनेर ही शंभर वर्षं धावलेली छोटी गाडी २०२० पासून बंद आहे, रुंद रुळांचं काम व्हायचं तेव्हा होईल. तोवर प्रवासाची दगदग वाढलेलीच आहे, आणि म्हणूनच काहीजण तरी राहायला तयार होतील. गावातून दोन घरं जरी अशी लागली, तरी रात्री गावात एक नर्स असेल. टोरांटोचा कुठलाही खरेदीदार हे देऊ शकत नाही.

भाड्याने देण्याचा दुसरा फायदा असा की त्यात कुणाचा हिस्सा मरत नाही. विक्रीला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि एकदा झाली की झाली. भाड्याला निदान सुरुवातीला सगळ्यांची संमती आणि अकरा महिन्यांचा लेखी, नोंदणी केलेला करार पुरतो. भाड्याचे पैसे आधी धाब्याच्या मातीला, उरलेले वाट्याप्रमाणे. ताईलाही. शंभर-दोनशे रुपये का असेनात, पण तिच्या नावावर माहेरच्या घरातून काही येतंय, याची नोंद होऊ लागेल.

परदेशातून खरोखर येऊन राहायचं आहे अशांनाही माझं हेच सांगणं आहे: विकत घेऊ नका, आधी भाड्याने राहा. आणि दिवाळीत येऊ नका. दिवाळीत कुठलंही गाव सुंदर दिसतं. वैशाखात या. लाइट गेलेली, पाण्याचा टँकर यायचा आहे, अंगणात खाट टाकून रात्री दोनपर्यंत झोप नाही, अशा पंधरवड्यात घर निवडा. मग पावसाळा काढा. भावकीतल्या दोन मयतांना आणि एका लग्नाला जा, ग्रामसभेत बसून गटाराच्या भांडणात कुणाची बाजू घ्यावी लागते ते बघा. एवढं होऊनही राहावंसं वाटलं तर तुम्ही गावचे झालातच. मग घर तुम्हाला शोधावं लागणार नाही, कुणीतरी आपणहून किल्ली आणून देईल.

गावाने काय करावं, तर पुढच्या ग्रामसभेत इटलीचा विषय न काढता एक साधा ठराव घ्यावा. गावठाणातल्या प्रत्येक बंद घराची नोंद, त्याच्या सगळ्या वारसांची नावं, त्यात लेकी-बहिणींची नावं आधी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे संमती आली की नाही याचा रकाना. स्वामित्वची मोजणी झाली असेल तर पत्रिका तपासून घ्यायची, चुकीची नावं असतील तर तिथल्या तिथे हरकत नोंदवायची. कापूस ठेवायला विविध कार्यकारी सोसायटीचं गोदाम मागायचं. यात कुणाला भाषण ठोकता येणार नाही, फोटोही चांगला येणार नाही, त्यामुळे हे काम रेंगाळेल याची मला कल्पना आहे.

आणि टेक्सास-टोरांटोच्या मंडळींनो, तुमच्याकडून गावाला सध्या पैसे नकोत, खरेदीही नको. आजोबांच्या घराच्या कागदावर तुमची सही बाकी आहे. भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून भावाकडे पाठवता येतं. ते पाठवा, आणि बहिणीचा हिस्सा बहिणीला राहील एवढं त्यात लिहा.